तात्पुरती ओळ

आजारांनाही गणगोत असतं, हे तिला या नोकरीत आल्यावर कळलं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बऱ्याच हॉस्पिटलांच्या कंप्युटरना लागणारा आजारांचा कोश तिथे सांभाळला जाई. त्यात नुसते अर्थ नव्हते, नाती होती. न्यूमोनिया हा फुप्फुसाच्या आजाराचा प्रकार, फुप्फुस हा छातीचा भाग. असे एक लाखाच्या वर शब्द, एकमेकांत गुंतलेले. अशा गुंत्याला परिभाषेत ऑन्टॉलॉजी म्हणतात. ऑफिसात मात्र सगळे त्याला 'वंशावळ' म्हणायचे. वरचा शब्द तो पालक, खालचा तो मूल.

वंशावळीतली नाती हाताने लावायच्या त्या सिस्टर. बत्तीस वर्षं त्यांनी वॉर्डात काढली होती. निवृत्त होऊन इथे आल्या, तरी 'सिस्टर' हे नाव काही सुटलं नव्हतं. लांबट लाल वहीत आधी शब्द लिहायचा, त्याचे पालक लिहायचे, मग कंप्युटरात टाकायचे आणि वहीत टिक करायची, हा त्यांचा शिरस्ता. टिक झाली की काळ्या दगडावरची रेघ.

आणि त्या नात्यांवरून चालणारा कोड लिहायची ती. पेशंटच्या फाइलमध्ये एखादा आजार असला की तिचा प्रोग्राम त्या शब्दापासून निघायचा, पालकाकडे, पालकाच्या पालकाकडे असा वर चढत जायचा. वाटेत कुठे 'भुलीचा धोका' किंवा 'रक्तस्रावाचा धोका' असा पूर्वज भेटला, की हॉस्पिटलच्या पडद्यावर लाल पट्टी उमटायची. इतकंच काम. पण ती पट्टी बघून डॉक्टर औषधं बदलायचे.

"माणसाचं बरं असतं," सिस्टर म्हणायच्या. "एक आई, एक बाप, संपलं. आजारांचं तसं नाही गं. त्यांना माहेर असतं, सासर असतं, वर आजोळही असतं. कुठल्या घरचा गुण उचलतील, सांगता येत नाही."

या फांदीवरून त्या फांदीवर भराभर उड्या मारते म्हणून त्यांनी तिचं नाव खारूताई ठेवलं होतं. तिला ते आवडायचं. वडील हयात असताना, त्यांना तिचंही नाव आठवेनासं झालं होतं त्या वर्षात, तिला प्रेमाने हाक मारणारं ऑफिसात एवढंच एक माणूस होतं. वडिलांना स्मृतीच्या डॉक्टरांकडे न्यायचं असलं की सिस्टर तिचं काम स्वतःच्या डोक्यावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जा तू. इथले शब्द कुठे पळून जात नाहीत."

आठ महिन्यांपूर्वी हॉस्पिटलांकडून तक्रारी येऊ लागल्या. पडदा उघडायला दहा-दहा सेकंद लागतात, इकडे पेशंट टेबलावर, तिकडे चाक गरगरतंय. साहेब तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"आज काहीतरी कर बाई. सगळे माझ्या नावाने शंख करतायत."

कारण तिला ठाऊक होतं. एका शब्दाला दोन पालक, त्यांना पुन्हा दोन-दोन, आणि वर जाऊन सगळ्या वाटा त्याच चार घरांत मिळायच्या. तिचा प्रोग्राम त्याच घरांची दारं पुन्हा पुन्हा ठोठावत बसायचा. जिथे एकदा जाऊन आलो तिथली खूण ठेवायची, की झालं. पण ते नीट लिहून, तपासून व्हायला दोन दिवस लागले असते. त्या दिवशी तिच्या लेकीच्या शाळेत पालकांची सभा होती आणि घड्याळात चार वाजले होते. तिने एक ओळ बदलली. पालकांच्या यादीतून सगळे न घेता फक्त पहिला घ्यायचा. शेजारी टीप लिहिली, 'तात्पुरतं. नंतर बघणे.' पडदा पापणी लवायच्या आत उघडू लागला. साहेब खूश, हॉस्पिटलं खूश. तिने चाचणीला घेतलेल्या वीस शब्दांना योगायोगाने एकेकच पालक होता.

त्याच आठवड्यात सिस्टरनी सहज विचारलं होतं, "दोन्हीकडून वर जातो ना गं तुझा प्रोग्राम?"

"हो हो," ती म्हणाली होती. तोंडातून निघून गेलं. नंतर करायचंच आहे, मग आत्ता कशाला फाटे फोडा.

ते 'नंतर' काही उजाडलं नाही.

मग एका सोमवारी फोन आला. मनगट मोडलं म्हणून एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस हॉस्पिटलात दाखल झाला होता. ऑपरेशन अर्ध्या तासाचं. त्याला जन्मापासून स्नायूंचा एक दुर्मीळ आजार होता. एरवी त्रास नाही, फक्त धावताना दम लागायचा. पण अशा माणसाला भुलीचा ठरावीक वायू दिला, तर अंग भट्टीसारखं तापतं आणि स्नायू आतल्या आत विरघळू लागतात. हॉस्पिटलातल्या त्याच्या जुन्या फाइलमध्ये आजाराचं नाव होतं. लाल पट्टी नव्हती. वायू दिला गेला. भूलतज्ज्ञाच्या वेळीच लक्षात आलं म्हणून जीव वाचला, पण मूत्रपिंडं बसली, आणि तो माणूस बेशुद्धीत होता.

साहेबांनी दोघींना बोलावलं आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो शब्द उघडला. पालक एकच दिसत होता, 'जन्मजात स्नायुविकार'. 'भुलीचा धोका' कुठेच नव्हता.

"सिस्टर, हे नातं लावायचं राहिलं," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं.

सिस्टरनी वही उघडली. दोन वर्षांपूर्वीचं पान. शब्द होता, त्याखाली दोन्ही पालक होते, आणि दोन्हींपुढे टिक होती. त्यांनी दोन्ही टिकवरून बोट फिरवलं.

"मी टाकलं होतं," त्या म्हणाल्या. मग पडद्याकडे बघितलं. "पण दिसत नाही, म्हणजे नाहीच टाकलं. टिक तेवढी केली." त्यांनी चष्मा काढला. "मीच. माझ्याच हातून झालंय हे."

अजून तिलाही काही माहीत नव्हतं, हे खरं. पण सिस्टरच्या टिकमागे काम नाही, हे तिच्या मनाला पटेना. जागेवर येऊन तिने पडदा वगैरे बाजूला ठेवून थेट मूळ साठाच उघडला, जिथे नाती कच्च्या रूपात एकाखाली एक पडलेली असतात. तिथे ते नातं होतं. दोन वर्षांपूर्वीची तारीख, सिस्टरचं नाव. यादीत दुसरं.

भिंतीवरचा मोठा पडदासुद्धा तिच्याच प्रोग्रामवर चालत होता. तोही पहिलाच पालक दाखवत होता.

तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. साहेबांची खोली दहा पावलांवर, दार उघडं. उठून जायचं आणि एक वाक्य बोलायचं. ती उठलीही. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून सिस्टर म्हणाल्या, "अगं, ते नातं आत्ताच टाकून टाकते. निदान दुसऱ्या कोणाच्या वाटेला नको यायला."

टाकायला गेल्या असत्या तर कंप्युटरने सांगितलं असतं, 'हे नातं आधीपासून आहे'.

"राहू द्या सिस्टर, मी टाकते," ती म्हणाली. "तुम्ही बसा शांत."

"किती करशील गं माझ्यासाठी," सिस्टर म्हणाल्या.

त्या संध्याकाळच्या आत तिने कोड दुरुस्त केला. पाहिलेल्या घरांची खूण ठेवायची, उरलेल्यांची रांग करायची, सगळे पालक घ्यायचे. जेमतेम बारा ओळी. आठ महिन्यांपूर्वी याच लिहिल्या असत्या तर. मग तिने मोजणी लावली. तिच्या त्या एका ओळीमुळे नऊ धोक्याचे शब्द पट्टीविना राहिले होते. बाकी आठांमुळे कोणाला काही झालेलं नव्हतं, हे तिने एकेक नोंद काढून तपासलं. बदल साठवताना कंप्युटरने नेहमीप्रमाणे कारण विचारलं. तिने लिहिलं, 'वेग वाढवला'.

चूक एकदा झाली होती. हे दोन शब्द मात्र तिने जाणूनबुजून लिहिले.

पुढचे दिवस कसे गेले म्हणावं? बाहेरून अगदी नेहमीसारखे. ती वेळेवर जायची, वेळेवर यायची. भाजीत एकदा मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. नवऱ्याने विचारलं, "काय झालंय?" ती म्हणाली, "डोकं दुखतंय." तो शाळेत गणित शिकवायचा, पायरी गाळलेली त्याला लगेच कळायची. पण बायकोला खोदून विचारण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने डोकेदुखीची गोळी आणि पाण्याचा पेला मुकाट्याने समोर आणून ठेवला, आणि तिला त्याचीही लाज वाटली.

मनात तिची वकिली चालूच होती. लिफ्टवाल्याला शुद्ध आली, तसं कळलंही. आता सांगून त्याची मूत्रपिंडं थोडीच सुधारणार आहेत? सिस्टरचं वय झालंय, त्यांना कोण काय बोलणार? आपली नोकरी गेली तर लेकीचं काय? एकेक मुद्दा बिनतोड होता. फक्त सिस्टरची रिकामी खुर्ची दिसली की त्यातला एकही आठवायचा नाही. कारण सिस्टर तिसऱ्या दिवसापासून रजेवर गेल्या होत्या.

अकराव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"खारूताई, एक काम होतं. नाही म्हणालीस तरी चालेल. तुझ्या वडिलांना ज्या डॉक्टरांकडे न्यायचीस ना, त्यांची आज वेळ घेतलीये. एकटीने जायला मन धजत नाही. येशील सोबत?"

तिच्या तोंडातून 'येते' एवढंच निघालं.

दवाखान्याची ती खोली तिच्या ओळखीची होती. फिकट हिरव्या भिंती, एकमेकींना जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात थंड पाण्याचं पिंप. डावीकडून तिसऱ्या खुर्चीत वडील बसायचे आणि दर पाच मिनिटांनी विचारायचे, "आपण कोणाकडे आलोय?" आज सिस्टर त्या खुर्चीच्या शेजारी बसल्या होत्या. इस्त्रीचे कपडे, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना असंच बसवत असतील.

"आत काय विचारतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाच शब्द सांगतात. थोड्या वेळाने ते परत सांगायचे. घड्याळ काढायला लावतात."

"पाच शब्द," सिस्टर हसल्या. "माझे लाखभर पाठ होते गं." मग हसू मावळलं. "गॅसजवळ कागद चिकटवलाय, 'बंद केला का?' म्हणून. घराची एक किल्ली शेजारणीकडे देऊन ठेवली. लेकीला फोन करून सांगितलं, की माझं काही कमीजास्त झालं तर मला तुझ्या घरी नको नेऊस, तुझे हाल होतील. ती रडली. मला वाटलं, आताच बोलून ठेवावं, पुढे शुद्ध असेल नसेल. त्या माणसाचा चेहराही मी पाहिलेला नाही, पण डोळा लागला की तो दिसतो. आणि मी टिक करताना दिसते. काम न करता नुसती टिक."

काउंटरवरच्या मुलीने पुढच्या पेशंटला हाक मारली. सिस्टरच्या आधी आता एकच जण होता.

"सिस्टर," ती म्हणाली. "तुम्ही नातं टाकलं होतं."

"हं?"

"दोन वर्षांपूर्वीच. आहे ते. माझ्या प्रोग्रामला दिसत नव्हतं. मी फक्त पहिला पालक घेत होते. घाईत केलं होतं, नंतर बदलायचं राहिलं. तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटंच 'हो' म्हणाले. तुमची काही चूक नाही. तुम्ही काहीही विसरला नाहीत."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुटकेसारखं होतं, खांदे चांगले बोटभर खाली आले. मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. काल कळलं म्हणाली असती तर कोणी पकडलं नसतं.

"त्याच दिवशी. सव्वातीन वाजता."

"म्हणजे मी शेजारी बसले होते तेव्हा."

"हो."

"आणि 'राहू द्या, मी टाकते' म्हणालीस, ते..."

"हो."

सिस्टरनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. 

"चूक मी समजू शकते," अखेर त्या म्हणाल्या. "वॉर्डात माझ्याही हातून झाल्यात. एकदा तर... जाऊ दे. पण हे अकरा दिवस? तुझ्या वडिलांचं तू डोळ्यांनी पाहिलंयस. माणूस स्वतःला घाबरायला लागतं म्हणजे काय होतं, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि तू मला त्यात बसू दिलंस."

तिला रडू आलं. ते आपण आवरायला हवं, इथे रडायचा हक्क आपला नाही, हेही तिला कळत होतं, पण आवरेना.

काउंटरवरून सिस्टरचं नाव पुकारलं. त्या उठल्या, काउंटरपाशी जाऊन म्हणाल्या, "माझी वेळ रद्द करा. मला काही झालेलं नाही." ती मागोमाग उठली तशी त्या वळल्या. "तू नको येऊस. बसने जाईन मी. मला रस्ता आठवतो."

ती तिथून तडक ऑफिसात गेली आणि साहेबांच्या टेबलावर जुन्या कोडचा कागद ठेवला. ओळीखाली रेघ मारली होती, शेजारी तीच टीप आणि खाली तिचं नाव. मग तिने 'वेग वाढवला' हे दोन शब्दही दाखवले.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, प्रकरण मिटल्यात जमा आहे. दुरुस्तीही झालीये. आता हे उकरून काढायचं?"

"सिस्टरच्या नावावर ते मिटलंय, साहेब."

"घाई मीच केली होती तुला," ते म्हणाले.

"केली होतीत. पण ओळ माझी आहे. आणि गप्प बसायला तुम्ही सांगितलं नव्हतं."

साहेब बराच वेळ कागदाशी खेळत बसले. शेवटी त्यांनी हॉस्पिटलला पत्र लिहिलं, त्यात नऊही शब्द दिले, आणि चूक कोणाची ते स्वच्छ लिहिलं. चौकशी झाली. तिची नोकरी राहिली, पद उतरलं. यापुढे एकट्याने लिहिलेली ओळ दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जाणार नाही, असा नियम झाला. सिस्टरना साहेब स्वतः घरी जाऊन भेटले, माफी मागितली, परत या म्हणाले. त्या महिनाभरासाठी आल्या, नवीन मुलीला सगळं शिकवून दिलं आणि कायमच्या थांबल्या. त्या महिन्यात तिच्याशी त्या कामापुरतं नीट बोलायच्या. अहो-जाहो करून बोलायच्या. ती एकदा घरी गेली, तेव्हा सिस्टरनी दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं, लेकीची चौकशी केली. निघताना 'ये पुन्हा' म्हणाल्या नाहीत.

लिफ्टवाल्याला भेटायला जायचं तिने दोनदा ठरवलं आणि दोनदा अर्ध्या वाटेतून परतली. तिसऱ्या वेळी नवरा म्हणाला, "मी येऊ?" त्याला आता सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "नको." आणि गेली.

तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, मांडीवर रबरी चेंडू, तो दाबायचा व्यायाम चाललेला. मूत्रपिंडं सावरत होती, पाय मात्र फार वेळ धरत नव्हते. शिडीवर चढायचं काम गेलं होतं, कंपनी नव्या लोकांना शिकवायला ठेवणार म्हणत होती. त्याच्या बायकोने स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं, पहिल्या पालकापासून अकरा दिवसांपर्यंत. सोपं करून सांगितलं, पण स्वतःला सोपं जाईल असं काही गाळलं नाही.

त्याने चेंडू दाबायचा थांबवला.

"मला वाटत होतं, माझंच चुकलं," तो म्हणाला. "फॉर्मवर विचारलं होतं, काही जुना आजार आहे का. मी 'नाही' लिहिलं. आता धावायचं वय राहिलंय कुठे, म्हटलं, कशाला लिहा. हिला रोज म्हणतोय, माझ्या आळसाने हे झालं."

"रोज," बायको म्हणाली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "रोज म्हणतात. मी कितीदा भांडलेय यांच्याशी त्यावरून. मीही तेच म्हणायचे. का नाही लिहिलंत म्हणून."

तिच्या मनात आलं, सिस्टरनी दोष घेतला, या माणसाने घेतला, भूलतज्ज्ञानेही कुठेतरी घेतला असेल. ज्याच्या त्याच्या घरी तो जाऊन बसला होता.

"मी माफी मागायला आलेय," ती म्हणाली. "तुम्ही ती द्यावी म्हणून नाही."

तो काहीतरी बोलणार होता, बहुधा 'असू द्या' म्हणणार होता, तशी माणसं असतात. बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही आलात ते बरं केलंत," बायको म्हणाली. आवाज वर गेला नव्हता. "यांना आता आजची रात्र तरी झोप लागेल. पण माझ्याकडून आत्ता काही मागू नका. तुम्ही आता जा."

"हो," ती म्हणाली आणि चपला घालायला वाकली.